आतल्या आत सरकता येतं का

जिंतनाला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. नान गावात शाळेचे गणवेश शिवायचं तिचं दुकान होतं, आणि पोराच्या पँटचं माप घेता घेता ती त्याच्या आजीच्या गुडघ्यापासून शेजाऱ्याच्या भांडणापर्यंत सगळी चौकशी करून घ्यायची. लोक वैतागायचे, पण सांगायचे, कारण ती मन लावून ऐकायची. अख्ख्या गावात तिला धड उत्तर न देणारा माणूस एकच होता, आणि तो तिच्याच घरात राहत होता. तिचा बाप, इन्था.

इन्थानं जन्मभर बाकड्यांची प्रवासी गाडी हाकली, नानपासून वर डोंगरातल्या बो क्लुआपर्यंत, जिथं विहिरीतलं खारं पाणी उकळून मीठ काढतात. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा गाडी विकली आणि दुकानाच्या मागच्या बाजूला बसून तो बोटांनी चाचपून बटणं निवडू लागला. मोठी मोठ्यांत, बारीक बारकांत. बापाला ती पो म्हणायची. का हो पो, एवढे गप्प का? काही नाही. का हो पो, देवळात जन्मवारांच्या आठ मूर्ती आहेत, तुम्ही गुरुवारचे असून नेहमी हत्ती-माकडवाल्या मूर्तीपाशीच का बसता? माकड आवडतं मला. झालं, विषय संपला.

म्हणून त्या रविवारी बापानंच तिला प्रश्न दिला तेव्हा तिच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

"पेट्रोल पंपावर ते ऑरिक्सवाले जमतात ना?" इन्था म्हणाला. "एवढं विचारून ये. डावीकडच्या सीटवरून चालकाच्या सीटवर आतल्या आत सरकता येतं का. खाली न उतरता."

"तुम्हाला कशाला हवंय?"

"विचारून ये म्हटलं ना."

ऑरिक्स ही नवी उंच गाडी जिंतनानं मागचा पावसाळा सरता सरता नोंदवली होती, पांढरी, आणि तीही बापासाठीच. इन्थाची थोरली बहीण, फाय आत्या, बो क्लुआला एकटी राहायची. वय इतकं झालेलं की स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं. हल्ली फोनवर तिचा आवाज खोल गेला होता, आणि दर वेळी एकच विचारायची, इन्था कधी येतोय. नवं वर्ष म्हणजे सोंगक्रान तोंडावर आलेलं. त्या दिवशी धाकट्यानं थोरल्याच्या हातांवर सुवासिक पाणी ओतायचं आणि आशीर्वाद घ्यायचा, हे आमच्याकडं चुकवत नाहीत. इन्थाचं दोन वर्षं चुकलं होतं. जिंतनाच्या जुन्या पिकअपमध्ये त्या वळणांवर म्हाताऱ्याच्या पाठीचा भुगा व्हायचा, म्हणून ही मऊ चालीची गाडी. यंदाही नाही जमलं तर पुढच्या वर्षी पाणी ओतायला आत्याचे हात असतील का, ही धास्ती जिंतनाला होती. ती कुणापुढं बोलायची नाही, पण शिवताना दोरा तुटला की उगाच मशीनला शिव्या घालायची.

पंपामागच्या कॉफीच्या टपरीपाशी दर रविवारी सकाळी ज्यांना ऑरिक्स मिळाली ते आणि ज्यांना मिळायची होती ते जमायचे. मिळालेले बॉनेटला टेकून उभे राहायचे, न मिळालेले त्यांच्या गाडीभोवती फेऱ्या मारायचे. गप्पा ठरलेल्या. तिसऱ्या रांगेत माणूस बसतो की नुसती मांजर? मागचं दार पाय हलवला की उघडतं, ते पाऊस पडताना का उघडत नाही? वळणावर आपोआप ब्रेक लागतो म्हणे, मग म्हैस आडवी आली तर? आणि सगळ्यात लाडका विषय, गाडी कुठं अडकली. कुणी म्हणे जहाजात, कुणी म्हणे इवल्याशा चिपसाठी, तर कुणी शपथेवर सांगे की शोरूमवाल्याच्या मेव्हण्याच्या दारात.

वाट बघणाऱ्यांत सगळ्यात वाईट अवस्था दातांच्या डॉक्टर थितींची. गाडीचा पत्ता नाही, पण पायपुसणी आली, सीटची कव्हरं आली, टपावर बसवायचा तंबूसुद्धा आला. तो तंबू त्यांनी अंगणात उभा केला होता आणि बायकोशी वाजलं की त्यातच झोपत. डॉक्टर, गाडीआधी संसार मांडलात, असं त्यांना कुणीतरी दर आठवड्याला म्हणायचंच.

जिंतनानं बापाचा प्रश्न विचारला तशी सगळी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. असला प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"सरकायचं कशाला, पी-जिन?" गोल्फनं विचारलं. पी म्हणजे ताई. गोल्फ गाड्यांना नाना वस्तू बसवून देणारा. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलेलं, खेळ मात्र त्यानं टीव्हीवरसुद्धा बघितलेला नाही. "दार दिलंय की कंपनीनं."

"मला काय ठाऊक? म्हाताऱ्यानं विचारलंय."

मग काय, प्रयोगच झाला. गाडी मिळालेल्यांत एक रुंगबाई होत्या. त्यांची गाडी साधी, गिअरची कांडी स्टिअरिंगपाशी, दोन सीटांच्या मधे सपाट. जिंतना लुंगीसारखं नेसूचं सावरून डावीकडून चढली आणि बूड उचलून अलगद उजवीकडं जाऊन बसली. टाळ्या पडल्या. गोल्फची गाडी वरच्या दर्जाची. तिच्यात दोन सीटांच्या मधे थंड पेयांचा फ्रिज, चांगला मांडीएवढा उंच. जिंतनाचा एक पाय पलीकडं गेला, दुसरा अलीकडंच राहिला, आणि ती फ्रिजवर घोड्यावर बसल्यासारखी अडकली. शेवटी डॉक्टरांनी एका बाजूनं ओढलं आणि गोल्फनं दुसऱ्या बाजूनं ढकललं. हसून हसून लोकांची कॉफी सांडली.

रुंगबाईंच्या गाडीच्या काचेवर चिकटपट्टी होती, 'ही गाडी गुलाबी आहे'. गाडी निळीशार. बाई रविवारच्या जन्माच्या, त्यांना निळा वर्ज्य, आणि मिळाली तर निळीच मिळाली. नशीब वाचून जातं, रंग बघत नाही, असं त्या म्हणायच्या. आमच्याकडं अशा चिकटपट्ट्या पुष्कळ दिसतात आणि कुणी हसत नाही.

घरी येऊन जिंतनानं सगळं साग्रसंगीत सांगितलं, अडकल्याचं तर जरा जास्तच रंगवून. इन्थानं बटणं बाजूला ठेवून ऐकलं.

"म्हणजे आपण नोंदवलीय तिच्यात सरकता येतं."

"येतं."

"आणि फ्रिजवालीत येत नाही."

"नाही म्हणजे नाही. पण का, पो?"

तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला असेल. उत्तर मात्र दिलं नाही, आणि जिंतनाची रात्रभर चुळबुळ झाली. आंधळ्या माणसाला चालकाच्या सीटवर जायचंय कशाला?

पुढच्याच आठवड्यात शोरूममधल्या मुलीचा फोन आला. पांढरी काही पावसाळ्याच्या आत येत नाही, पण कुणीतरी नोंदणी रद्द केलीय, वरच्या दर्जाची एक काळी गाडी हातात आहे, सोंगक्रानच्या आधी देते. जिंतना आनंदानं उडालीच. धावत मागं गेली आणि बापाला सांगितलं.

"काळी?" इन्था म्हणाला. "मी गुरुवारचा. मला काळा वर्ज्य."

"चिकटपट्टी लावू. ही गाडी पांढरी आहे म्हणून."

"मला दिसत नाही म्हणून गाडीला खोटं बोलायला लावायचं?"

जिंतनानं समजावलं, हात जोडले, शेवटी आवाज चढवला. ज्याला रंग दिसत नाही तो रंगावर अडून बसलाय, याला काय म्हणायचं! पावसाळ्यात डोंगराचा रस्ता खचतो, आत्या काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे? इन्था बटणं निवडत राहिला. मोठी मोठ्यांत, बारीक बारकांत. तिला इतका राग आला की तिनं ती सगळी बटणं पुन्हा एकत्र करून टाकली आणि मग स्वतःचीच लाज वाटून बाहेर गेली.

शोरूमच्या मुलीनं चार दिवस थांबते म्हणून सांगितलं. जिंतनानं मन घट्ट करून फाय आत्याला फोन लावला. यंदाही जमत नाही हे तिला सांगायचं कसं, म्हणून आधी हवापाण्याचं बोलली, मिठाच्या भट्टीचं विचारलं, आणि शेवटी एका दमात सांगून टाकलं की गाडी काळीच मिळतेय आणि पो गुरुवारचे.

"कोण गुरुवारचा?" आत्या म्हणाली.

"पो."

"अगं, मी हातात कंदील धरून उभी होते. कोंबडा आरवायचा होता अजून. घड्याळात गुरुवार लागला असेल, पण आपला वार उजाडल्यावर बदलतो की नाही? बुधवारची रात्र ती. राहूचा आहे तुझा बाप. त्याला काळ्याइतकं काहीच लाभत नाही." मग दम घेऊन म्हणाली, "त्याला म्हणावं, गुरुवार पुरे झाला. ये आता."

जिंतना फोन हातात धरून उभी राहिली. हत्ती-माकडवाली मूर्ती बुधवारच्या रात्रीची. बुधवारच्या दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी, म्हणून तर सात वारांच्या आठ मूर्ती. अहो, शाळेतल्या पोराला माहीत असतं हे! म्हाताऱ्याला आपला वार पक्का ठाऊक होता आणि जन्मभर तो त्याच मूर्तीपुढं बसत आला होता. तिनंच ओळखपत्रावरची तारीख बघून गुरुवार धरला, त्यानं कधी दुरुस्त केलं नाही, आणि गरज पडली तेव्हा बरोबर वापरला. जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या बाईनं बापाला गाडीचा रंग विचारला, सीटची पाठ विचारली, उशी कुठली हवी ते विचारलं. त्याला बहिणीकडं जायचंय का आणि कसं जायचंय, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

ती मागं जाऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"माकड आवडतं म्हणे," ती म्हणाली.

इन्थाची बोटं थांबली. "फायनं सांगितलं वाटतं."

"आता खरं सांगा. काळ्या गाडीत काय वाईट आहे?"

इन्थानं हातातलं बटण खाली ठेवलं. मग बोलायला लागला तो बटणांकडं तोंड करूनच. म्हणाला, "तिच्या चिंचेखाली गाडी लावली की मी दोनदा हॉर्न वाजवायचो. ती बाहेर येईतोवर मी उतरून बॉनेटपाशी उभा. तिचं सामान घेऊन. इतकी वर्षं तिनं मला तसंच बघितलंय. डोळे गेल्याचं मी तिला कळू दिलेलं नाही. फोनवर सांगतो, गाडी गॅरेजात आहे, नवी येतेय, थांब. आता तू मला तिच्या पुढ्यात डावीकडून पोत्यासारखा उतरवणार. तिला वाटायचं, इन्था गेला, आता आपलं कोण? तशानं ती उद्याची आज जाईल."

"म्हणून सरकायचंय."

"गाडी थांबली की तू गुपचूप उतर. मी पलीकडं सरकतो, हॉर्न वाजवतो आणि उजवीकडून उतरतो. तेवढंच. पण काळीत मधे तो फ्रिज आहे. तूच सांगितलंस."

जिंतनाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. एवढंसं होतं ते! आणि ते न सांगता हा माणूस पावसाळ्यापर्यंत थांबायला निघाला होता. तिनं त्याचे हात धरून चांगले हलवले, मग उठून आधी शोरूमला फोन केला आणि मग तडक गोल्फच्या गॅरेजात गेली.

फ्रिज काढून टाकायचा म्हटल्यावर गोल्फनं हातातला पाना खाली ठेवला. जो येतो तो काही ना काही बसवून घ्यायला येतो, मोठी चाकं, टपावर दिवे, पुढं लोखंडी दांडा. कोरी गाडी फोडून त्यातलं काढून टाका म्हणणारी तुम्ही पहिल्याच, असं तो म्हणाला. वर बजावलं की कंपनीची हमी जाईल. जाऊ दे, जिंतना म्हणाली, आणि का ते त्याला सांगितलं. गोल्फनं मान खाजवली. मग म्हणाला, फ्रिजच्या जागी पत्रा टाकून वर जाड गादी करतो, आणि उजव्या दारात आत धरायला मूठ बसवतो, काकांना उतरताना लागेल. जिंतनाला मुठीचं सुचलंच नव्हतं. काढलेला फ्रिज डॉक्टर थितींनी मागून नेला. आता त्यांच्या अंगणातल्या तंबूत थंड पाण्याचीही सोय झाली.

गाडी आली, लाल तात्पुरत्या नंबरपाटीची, आरशासारखी चकचकीत काळी. भिक्खूंनी पुढच्या काचेच्या वर, आतल्या छतावर पांढऱ्या गंधाचे ठिपके काढले, स्टिअरिंगला सूत बांधलं. इन्थानं बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरवत सबंध गाडी बघून घेतली. मग दुकानापुढं तालीम सुरू झाली. सरकायचं, मूठ धरायची, पाय टाकायचा, उभं राहायचं. पहिल्यांदा हॉर्नऐवजी काच पुसायचं पाणी उडालं, दुसऱ्यांदा हॉर्न इतका लांबला की गल्लीतले लोक बाहेर आले. म्हाताऱ्याला कंप सुटलाय की काय म्हणून शेजारीण बघून गेली. चार दिवसांत मात्र तो इतका सफाईनं उतरायला लागला की जिंतनालाच क्षणभर वाटलं, हाच चालवत आला.

सोंगक्रानच्या सकाळी ते निघाले. पायाशी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी, मांसाचे तिखट सॉसेज आणि चिकट भाताची टोपली. रस्ताभर इन्था प्रत्येक वळण आधी सांगत होता. आता उजवीकडं घे, इथं फणस आहे, इथं ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं. फणस तोडला होता, बाकी सगळं जिथल्या तिथं होतं. गाडी इतकी अलगद चढत होती की त्यानं दोनदा विचारलं, आपण खरंच चढतोय ना?

आत्याच्या चिंचेखाली जिंतनानं इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. अंगण रिकामं, घराचं दार पुढं ओढलेलं. ती आवाज न करता उतरली. मागं वळली आणि जागच्या जागी थिजली. मिठाच्या भट्टीच्या छपराखाली, धुराच्या पलीकडं, हातात काठी घेऊन फाय आत्या बसली होती. गाडीपासून फार तर दहा पावलांवर. तिथून गाडीच्या काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं.

आत इन्था सरकत होता. एका हातानं गादी चाचपत, एक गुडघा आधी, मग दुसरा, मग स्टिअरिंग शोधत.

आत्या ते सगळं बघत होती. तिच्या तोंडावर आश्चर्य असं काही नव्हतं. तिनं जिंतनाकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग काठीचा आवाज होऊ नये म्हणून काठी काखेत मारली आणि ती ओणव्यानं, भिंतीला धरत धरत, घराच्या मागच्या बाजूनं निघाली. एवढ्याशा चालण्यानं तिला दम लागत होता. जिंतनाच्या घशाशी प्रश्नांची रांग लागली होती. कधीपासून ठाऊक आहे? कुणी सांगितलं? त्या दिवशी फोनवर वार सांगितला तो सहज की मुद्दाम? तिनं एकही विचारला नाही.

हॉर्न दोनदा वाजला. दार करकरलं आणि फाय आत्या पुढच्या दारातून बाहेर आली, जणू आत्ताच उठून आली. तोवर इन्था मूठ धरून उतरला होता आणि बॉनेटवर हात टेकून ताठ उभा होता, हातात टोपली.

"अजून हळूच हाकतोस," आत्या धापा टाकत म्हणाली. "सकाळपासून वाट बघतेय."

"नवी गाडी आहे. घाई करून कसं चालेल?" इन्था म्हणाला, आणि त्याची छाती फुगलेली जिंतनाला शर्टावरून दिसली.

"मला जरा धर बाबा. माझे गुडघे गेलेत." आत्यानं त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर घेतला. मग तो तिला आधार देत आणि ती त्याला वाट दाखवत, दोघं पायऱ्या चढून वर गेले. ती प्रत्येक पायरीला मोठ्यानं कण्हत होती, म्हणजे पायरी कधी येते ते त्याला कळत होतं.

वर चटई अंथरून झाली. जिंतनानं चांदीच्या वाडग्यात हळद आणि फुलांचं पाणी भरून बापाच्या हातात दिलं. आत्यानं दोन्ही हात जुळवून पुढं केले. इन्थानं वाडगं कलतं केलं. धार पार डावीकडं, चटईवर पडायला लागली. आत्यानं काही न बोलता हात डावीकडं सरकवून धारेखाली धरले, आणि पाणी संपेपर्यंत तसेच धरून ठेवले.

"सगळं हातावर पडलं ना?" इन्थानं विचारलं.

"सगळं," आत्या म्हणाली. "एक थेंब बाहेर गेला नाही."